पिठाच्या गोदामाचं कुलूप

१२ जानेवारी

भाऊजी, आशीर्वाद.

तुमचा फोन आला आणि मधेच तुटला. "वहिनी, मी बरा आहे, फक्त" एवढंच ऐकू आलं. त्या 'फक्त'च्या पुढे काय होतं याचा विचार करत बसले आहे. पुढच्या वेळी महत्त्वाचं आधी बोला, बरे असल्याचं मागून सांगा.

वकीलबाई म्हणाल्या, तिथे पत्र पाठवता येतं. आपल्या भाषेतलं पत्र आधी त्यांचं कोणीतरी वाचतं, मग तुमच्या हातात देतात, म्हणून वेळ लागतो. वाचू देत. लपवण्यासारखं आपल्याकडे आहे काय? जे कोणी वाचत असतील त्यांनाही माझा नमस्कार.

मला झाला प्रकार अजून नीट उमगलेला नाही. तुमचा इथे राहायचा परवाना आपल्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानावर होता. दुकान ह्यांच्या नावावर होतं. उन्हाळ्यात हे गेले, दुकान माझ्या नावावर झालं आणि तुमचा परवाना मधल्या मधे लोंबकळत राहिला. नव्यासाठी अर्ज वेळेत दिलात तो तुम्हीच. त्याचं काय झालं ते विचारायला कचेरीत गेलात तेही तुम्हीच, आपल्या पायांनी, इस्त्रीचा शर्ट घालून. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बसा." तेव्हा जे बसलात ते अजून उठलेला नाहीत. ज्याच्या मनात खोट आहे तो स्वतः चौकशी करायला जाईल का? हा प्रश्न मी वकीलबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "कायद्यात असा प्रश्न नाही, बाई."

मी भेटायला आले नाही याचा राग मानू नका. गुडघा धरलाय. लांबचा पल्ला, दोन गाड्या बदलायच्या, जमेलसं वाटत नाही. थोडा उतार पडला की बघू.

घरी ठीक आहे. तुमची गादी उन्हात घातली. संध्याकाळी वाचते. ग्रंथालयातून एका बोटीवरच्या स्वयंपाक्याची गोष्ट आणलीय, चांगली जाडजूड. ह्यांच्या खुर्चीत बसून वाचते. आधी तिथे बसवत नव्हतं. पण रिकामी खुर्ची बघत बसण्यापेक्षा तिच्यात बसलेलं बरं.

जेवत जा.

तुमची वहिनी


२७ जानेवारी

वहिनी, वाकून नमस्कार. इथे वाकायलासुद्धा जागा मागून घ्यावी लागते, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं समजा.

'फक्त'च्या पुढे 'मोजे पाठवा' एवढंच होतं. पण पाठवू नका. बाहेरची वस्तू आत घेत नाहीत.

हा तुरुंग नाही, केंद्र आहे, असं इथे पहिल्याच दिवशी सांगतात. सांगून झालं की दार बाहेरून लावतात. आमच्या खोलीत कोणावरही गुन्हा नाही. कोणाचा परवाना संपला, कोणाचा अर्ज हरवला, कोणाच्या नावात दोन ठिकाणी दोन स्पेलिंगं. तुरुंगातल्या माणसाला निदान सुटायची तारीख असते. इथे तारीख विचारली तर म्हणतात, "तुम्ही कैदी थोडेच आहात? तुम्हाला तारीख कशी असेल?"

माझ्या शेजारच्या खाटेवर एक शिंपीकाका आहेत. सत्तरीचे. आपलीच भाषा. इथे आणताना त्यांचा चष्मा हरवला, तो कोणी शोधला नाही की नवा दिला नाही. आयुष्यभर सुईत दोरा ओवणारा माणूस आता माझ्या नाकासमोर येऊन विचारतो, "तू आहेस ना रे?" तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. जे वाचत असतील त्यांनाही नमस्कार, ह्यावर इतके हसले की पहारेकरी डोकावून गेला. "बाई खमकी दिसते," म्हणाले. त्यांना कोणाचं पत्र येत नाही. तुमचं पुन्हा ऐकायचं असलं की शर्ट चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसतात.

मी कान देऊन दारं ऐकतो. जेवणघराच्या दाराची खिटी झिजलीय. रोज ती अडकते, रोज पहारेकरी दाराला लाथ घालतो आणि माझे हात शिवशिवतात. पण दादांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं, मालक समोर उभा असल्याशिवाय परक्या कुलपाला हात लावायचा नाही. इथे मालक कोण ते कोणालाच माहीत नाही. त्यामुळे गप्प बसतो.

आता खरं काय ते लिहितो. त्यांनी एक कागद दिलाय. 'मी स्वखुशीने परत जात आहे' असं त्यावर आहे. सही केली की आठवड्याच्या आत विमानात बसवतात. नाही केली तर इथेच, कुठपर्यंत ते विचारायचं नाही. मी अजून केलेली नाही. पण विचार करतो. परत गेलो तर तिथे मला ओळखणारं कोणी उरलेलं नाही हे खरं. मिसरूड फुटायच्या आधी दादांनी मला इथे आणलं. पण इथे राहून मी तुमच्या डोक्याला ताप झालोय. दुकान बंद पडलंय. तुम्ही जागा सोडून द्या, हत्यारं देऊन टाका, माझ्यासाठी अडून राहू नका.

गुडघ्याला शेक द्या. आणि नुसत्या बसून राहू नका, जिना चढत-उतरत जा.

तुमचा धाकटा दीर


१४ फेब्रुवारी

भाऊजी,

त्या कागदावर सही केलीत तर माझ्याशी गाठ आहे. स्वखुशीने म्हणे! दाराला बाहेरून कडी लावायची आणि आतल्याला विचारायचं, खुशीत आहेस ना?

वकीलबाईंनी तुमच्या सुनावणीसाठी अर्ज केलाय. निकाल लागेपर्यंत तुम्हाला घरी राहू द्यावं, एवढंच तूर्त मागायचं. तारीख मिळाली की कळवते. तोवर तो कागद नजरेआड ठेवा.

आणि दुकान बंद पडलेलं नाही. मी उघडलंय. तुम्हाला काळजी लागेल म्हणून आधी लिहिलं नव्हतं. इतकी वर्षं मी तिथे डबा घेऊन येत होते, ते काय डोळे मिटून? किल्ली कापायचं मशीन मला येतं. म्हणजे, आता येतं. पहिली किल्ली इतकी घासली गेली की तिने दात कोरता आले असते. ती नेणारा गृहस्थ आधी दारात उभा राहून विचारत होता, "मालक कुठेत?" मी म्हटलं, "समोर." म्हणाला, "नाही, म्हणजे किल्ली कोण करणार?" मी म्हटलं, "तीच, जी तुमच्याशी बोलतेय." बिघडलेली किल्ली बघून त्याला मनातून बरंच वाटलं असेल. दुसरी बसली तेव्हा मात्र पूर्ण पैसे मोजून गेला. आता त्याची बायकोही माझ्याकडेच येते.

ह्यांचा एप्रन घालते. खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि खोकल्याची एक गोळी निघाली. गोळी तशीच ठेवलीय.

आता कामाचं. खालच्या गल्लीतले पाववाले आठवतात ना, बोलायला लागले की ज्यांची भट्टी करपते ते. त्यांच्या पिठाच्या गोदामाला मागचं दार आहे. त्याच्या कुलपात किल्ली तुटली, अर्धी आतच राहिली. मी तेल घातलं, चिमटा घातला, देवाचं नाव घेतलं. हलत नाही. पिठाची पोती पुढच्या दारातून, गिऱ्हाइकांच्या अंगावरून न्यावी लागतात. काल एक बाई पांढरीफटक होऊन बाहेर पडली. पाववाले म्हणतात, "वहिनी, सावकाश होऊ दे, पण तुमच्याच हातून होऊ दे." माणूस भला आहे. तुटलेली किल्ली कशी काढायची ते मला सविस्तर लिहा. चित्र काढून दाखवलंत तर फारच बरं.

तुमची वहिनी


२ मार्च

वहिनी, वाकून नमस्कार.

दुकान उघडलंत! ती ओळ मी शिंपीकाकांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. दर वेळी ते म्हणाले, "परत वाच." मग म्हणाले, "तुझी वहिनी माझ्या दुकानात असती तर मी इथे नसतो."

पण तेल? पिठाच्या गोदामाच्या कुलपात तेल? वहिनी, ते कुलूप दुरुस्त करणं नव्हे, ते कणीक मळणं आहे. आधी ते सगळं सुकू द्या, फुंकर मारून साफ करा. मग दादांच्या खिशातल्या त्याच पेन्सिलीचं शिसं किसून त्याची पूड आत सोडा. कुलपाला ओलं काही चालत नाही.

आता नीट लक्ष द्या. डाव्या खणात बारीक करवतीची पाती आहेत. सगळ्यात नाजूक पातं घ्या. तुटक्या किल्लीच्या खाचांना लागून ते सरळ आत सारा, दाते किल्लीकडे. पुरतं आत गेलं की किंचित पिळा, म्हणजे दाते किल्लीत रुततील. मग हळूच ओढा. पहिल्यांदा निसटेल, दुसऱ्यांदाही निसटेल. घाई करायची नाही, ठोकाठोकी करायची नाही. आवाज न होता काम झालं पाहिजे. बाहेर येणार नाही अशी तुटकी किल्ली मी अजून पाहिलेली नाही. आणि पाववाल्यांना समोर उभं करूनच हात लावा, दादांचा नियम मोडू नका.

सोबत चित्र आहे. इथल्या जेवणघराच्या दारावरून काढलंय, कुलपाची जात तीच आहे. रांगेत उभं असताना निरखायला वेळ भरपूर मिळतो.

तो कागद मी खाटेच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी करून घातलाय. आता खाट हलत नाही. आपल्या कामाला आला एकदाचा.

गुडघा कसा आहे ते लिहिलं नाहीत.

तुमचा धाकटा दीर


२६ मार्च

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. मधे एक लहानसं पत्र टाकलं त्याचंही नाही. फोनही नाही.

मी रोज टपालाच्या वेळी दुकानाच्या पायरीवर येते. टपालवाला आता लांबूनच मान हलवतो, म्हणजे मला पायरी उतरायला नको.

तुम्ही रागावलात का? ह्यांची हत्यारं मी तुम्हाला न विचारता हातात घेतली, त्याचं वाईट वाटलं असेल. तुमचाही हक्क आहे त्यांच्यावर, माझ्याइतकाच. तसं असेल तर तोंडावर सांगा, म्हणजे कागदावर. अबोला धरू नका. आपल्या घरात अबोला धरायचा मक्ता ह्यांचा होता. तोही जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकायचा.

पाववाल्यांचं काम झालं. किल्ली काही निघाली नाही. शेवटी मी दाराच्या दुसऱ्या बाजूला गेले, बिजागऱ्यांच्या सळ्या ठोकून वर काढल्या आणि अख्खं दारच उचलून बाजूला ठेवलं. कुलूप जिथल्या तिथे, बंदच. पाववाले ते बघून पायरीवर बसून हसले. आत एक पाव करपला. मग दाराला नवं कुलूप बसवलं. जुनं त्यांनी किल्लीच्या तुकड्यासकट खिडकीत ठेवलंय आणि येईल त्याला दाखवतात.

बोटीवरचा स्वयंपाकी शेवटी किनाऱ्याला लागला. वाचून झालं तरी पुस्तक परत करवत नाही.

दोन ओळी लिहा.

तुमची वहिनी


९ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

पत्र मिळालं. मी रागावलो नाही. तुमच्यावर कशाला रागावेन.

माझी खोली बदललीय. आता एकट्याला वेगळी खोली आहे. शांत आहे. गर्दी नाही, घोरणं नाही. त्यामुळे लिहायला उशीर झाला.

कुलपांबद्दल आता मला काही विचारू नका. तो विषय नको.

खूप विचार केला. कदाचित तो कागद सही करून देणं सगळ्यांच्याच सोयीचं होईल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

गुडघ्याची काळजी घ्या.

धाकटा दीर


१७ एप्रिल

भाऊजी,

पत्र आलं. जीव भांड्यात पडला.

वेगळी खोली मिळाली हे फार चांगलं झालं. तुमची झोप मुळात सावध. कोणाशी बोलून मिळवलीत? खिडकी कुठल्या बाजूला आहे? सकाळचं ऊन येत असेल तर अंग शेकत जा. मी इथे सगळ्यांना सांगितलं, आमच्या भाऊजींना स्वतंत्र खोली दिलीय. पाववाले म्हणाले, "वागणूक चांगली असणार, म्हणून."

शिंपीकाकांना आता पत्र कोण वाचून दाखवतं? ते येतात का तुमच्याकडे?

सहीचं काय लिहिलंत ते मी वाचलंच नाही असं समजते.

तुमची वहिनी


२३ एप्रिल

भाऊजी,

वकीलबाई आल्या होत्या. सगळं कळलं.

खिडकी नाहीच म्हणे. दिवसातून एकदा बाहेर काढतात, तेही एकट्याला. आणि हे सगळं कशाबद्दल, तर मी मागितलेल्या उत्तराबद्दल आणि मी मागितलेल्या चित्राबद्दल. तुमचं मार्चमधलं पत्र त्यांनी अडकवून ठेवलं. वाचणाऱ्याने खुणा करून वर पाठवलं. हा माणूस कुलपं उघडणारा, ह्याने केंद्रातल्या दाराचं चित्र काढून बाहेर पाठवलं, म्हणजे पळायचा बेत आहे. अन् मी इथे गल्लीभर स्वतंत्र खोलीचं कौतुक सांगत हिंडले. माझ्या पत्रातली ती खिडकी आणि ते ऊन तुम्ही तिथे कसं वाचलं असेल, ते मनातून जात नाही.

तुम्ही मला काळजी लागू नये म्हणून लपवलंत. बोलायला मला तोंड नाही, कारण मीही तेच केलं. माझ्या गुडघ्याला काहीएक झालेलं नाही. मी जानेवारीतच आले होते. दोन गाड्या बदलून, नवा स्वेटर पिशवीत घालून. फाटकावर म्हणाले, भेट फक्त कुटुंबातल्या माणसांना. मी म्हटलं, दीर आहे. तो म्हणाला, "नवरा आहे का?" मी म्हटलं, वारले. त्याने वहीत बघितलं आणि म्हणाला, "मग तुमचं नातं राहिलं नाही." मी स्वेटर परत आणला. तुमच्या कपाटात आहे.

तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी सही करून मोकळे झाला असता, म्हणून गुडघा काढला. ह्यापुढे असं नको. जे असेल ते लिहायचं, दोघांनीही. आणि तुमचं पत्र जे वाचतात त्यांना माझा नमस्कार अजून आहेच, पण आता थोडा कोरडा.

सुनावणी मेच्या मध्यावर आहे. तुम्हाला तिथूनच पडद्यावर दाखवणार आहेत. मी समोर असेन. पाववालेही येणार म्हणतात.

तुमची वहिनी


४ मे

वहिनी, वाकून नमस्कार. ह्या खोलीत वाकलो तर डोकं भिंतीला लागतं, पण ह्या वेळी खरोखर वाकलो.

गुडघ्याचं वाचून आधी रडलो, मग हसलो. मी तुम्हाला शेक द्या, जिना चढा, असे डॉक्टरी सल्ले देत होतो आणि तुम्ही तिकडे बिजागऱ्या उचकटत होतात.

जे असेल ते लिहायचं म्हणालात, म्हणून लिहितो. त्यांनी तो कागद पुन्हा आणला. म्हणाले, सही केलीस तर आज संध्याकाळी ह्या खोलीतून बाहेर. मी पेन हातात घेतलं. सही करणार होतो. मग वाटलं, वहिनींना पत्रात काय लिहू? 'मी आता खूप बरा आहे, हवापालटाला जातोय'? आधीच एक खोटं लिहून पाठवलं होतं, त्याला जोडून दुसरं लिहायला हात धजेना. पेन परत दिलं. शूरपणा नाही, नुसता कंटाळा आला खोटं लिहायचा.

दार बाहेरून वाजलं की मी उठून उभा राहतो. आतून दाराला मूठ नाही, तिथे नुसतं पत्र्याचं पान आहे. अशी दारं दादांनी कधी केली नाहीत. म्हणायचे, दाराला दोन्हीकडून हात लावता आला पाहिजे.

पाववाल्यांना आणू नका. ते बोलायला लागले की न्यायाधीश झोपेल.

तुमचा धाकटा दीर


२० मे

भाऊजी,

पडद्यावर तुमचा चेहरा सारखा चौकटी चौकटींचा होत होता आणि आवाज तुटत होता. तुम्हाला अर्धंच ऐकू गेलं असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून झालं ते सगळं लिहिते.

खोली साधी होती. टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर तुम्ही. सरकारी वकिलाने तुमचं पत्र काढलं. भाषांतर वाचून दाखवलं: पातं सरळ आत सारा, आवाज न होता काम झालं पाहिजे. असं वाचलं की मलासुद्धा क्षणभर भीती वाटली. मग चित्र वर धरून मला विचारलं, "हे केंद्रातल्या दाराचं आहे की नाही?"

मी म्हटलं, "हो."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुम्हाला कबूल आहे?"

"कबूल काय करायचंय? त्यांनी पत्रातच लिहिलंय तसं. पळायचा बेत असता तर तो कागदावर काढून, माझा पत्ता घालून, तुमच्याच माणसाच्या हातात दिला असता का? अहो, चित्र मी मागितलं. माझ्या गिऱ्हाइकाचं कुलूप अडलं होतं."

"कोण गिऱ्हाईक?"

पाववाले अजून आत आलेच नव्हते. ते जुनं कुलूप पावाच्या पिशवीत घालून आले होते आणि खालच्या दारावरची यंत्रं एकदम कोकलली. त्यांना अडवून ठेवलं. शेवटी कुलूप पहारेकऱ्यापाशी ठेवून ते वर आले, भुवयांवर पीठ तसंच. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचं काय?" तर म्हणाले, "माझंच कुलूप. खाली तुमच्या माणसाकडे आहे. किल्लीचा तुकडा अजून आत आहे. ह्या बाईंना उत्तर मिळालं असतं तर तो निघाला असता. तुम्ही पत्र अडवलंत, म्हणून माझं दार उपटावं लागलं." आणि बसले. भाऊजी, एवढंच बोलून बसले. मी त्यांना इतकं थोडं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

न्यायाधीशांनी पहारेकऱ्याला कुलूप वर आणायला सांगितलं, ते उलटसुलट करून पाहिलं, मग भाषांतर स्वतः वाचलं. पाववाल्यांना समोर उभं करूनच हात लावा, ही ओळ सरकारी वकिलाने वाचली नव्हती. ती त्यांनी मोठ्याने वाचली.

मला वाटलं, झालं. पण सरकारी वकील म्हणाला, "हे असो. पण सोडायचं तर कोणाकडे? ह्यांचं कुटुंब इथे कोणी नाही. ह्या बाईंचा नवरा हयात नाही, तेव्हा कायद्याने ह्यांचं नातं उरत नाही."

न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ह्यांच्या कोण?"

मी म्हटलं, "वहिनी."

दुभाष्याने सांगितलं, भावाची बायको.

"भाऊ वारले ना?"

मी म्हटलं, "वारले. रोज सकाळी उठले की ते मला नव्यानं कळतं, तुम्ही आठवण करून द्यायला नको. पण साहेब, तुमच्याच कचेरीच्या कागदांवर माझ्या नावापुढे 'विधवा' असं लिहिलंय. मी लिहिलेलं नाही, तुमच्या माणसाने लिहिलंय. कोणाची विधवा? त्यांचीच ना? म्हणजे त्यांच्याशी माझं नातं तुम्हाला मान्य आहे. मग ज्यांच्याशी आहे, त्यांचाच हा भाऊ. मधला माणूस गेला म्हणून दोन्हीकडची माणसं परकी होत नाहीत. उलट धरून बसायला तीच उरतात."

दुभाष्या तरुण होता. माझं बोलणं सांगता सांगता तो एकदा थांबला, पाणी प्यायला, मग पुढे सांगितलं.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, परवान्याचा निकाल लागेपर्यंत ह्यांनी वहिनीच्या घरी राहावं. आठवड्याला कचेरीत हजेरी द्यावी. एकट्या खोलीत ठेवायला कारण दिसत नाही, हेही म्हणाले. ते सगळे दिवस तुमच्या आयुष्यातून कापून घेतले त्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही. चुकलं, असं म्हणायची तिथे पद्धत दिसत नाही.

तुमचं मार्चचं पत्र त्यांनी शिक्का मारून मला परत दिलं. कणकेबद्दलचा टोमणा वाचला. आलात की त्याचा हिशेब होईल.

कागद तयार व्हायला थोडे दिवस लागतील. वकीलबाईंचा फोन आला की मी निघेन आणि फाटकावर उभी राहीन. ह्या वेळी वहीत बघा म्हणावं.

तुमची वहिनी


११ जून

शिंपीकाका, सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण माझी पत्रं तुम्ही शर्टाची बटणं लावून ऐकलीत, तेव्हा अगदीच परकी नाही. हे पत्र तुम्हाला जो कोणी वाचून दाखवत असेल त्यालाही नमस्कार. आणि त्याच्या आधी जे वाचतात त्यांनाही.

तुमच्याबद्दल मी वकीलबाईंशी बोलले. त्यांना तुमचा केंद्रातला नंबर दिलाय. चष्म्याचा अर्ज त्यांनी केलाच, सुनावणीचाही करतायत. तारीख लागली की मी येऊन बसेन. पाववालेही येणार. आता त्यांना सवय झालीय. फक्त मी तुमची कोण ते विचारतील, तर दोघांचं एकच उत्तर हवं. बहीण चालेल का? वयाने मी धाकटी असेन. तुम्हाला दुसरं काही सुचलं तर कळवा.

तुम्ही भाऊजींना फोनवर विचारलंत, "कसा आहेस?" ते म्हणाले, "मजेत." ते खरंच आहे, पण पुरतं नाही. बाकीचं मी लिहिते. तुमच्याशी आडपडदा ठेवून काय मिळवायचंय?

जेवतात पोटभर. दुकानात येतात, माझ्या किल्ल्या तपासून नाकं मुरडतात. परवान्याचं अजून काही नाही, हजेरीच्या दिवशी घासाला चव लागत नाही, त्यांच्याही आणि माझ्याही. पण आल्या दिवशी एक झालं. चहा झाला म्हणून मी हाक मारली. येईनात. जाऊन बघते तर खोलीत दाराशी उभे, हात खाली सोडून. दार नुसतं लोटलेलं होतं. कुलूप नाही, कडी नाही. कोणीतरी उघडेल म्हणून थांबले होते. अख्ख्या गावाची दारं उघडून देणारा माणूस. मी दार ढकललं आणि म्हटलं, "चहा निवतोय."

त्या दिवसापासून घरातली सगळी दारं मी सताड उघडी ठेवते. कागद उडतात, भांड्यांवर धूळ बसते. बसू दे.

आज सकाळी मी ओट्याशी होते. भाऊजी खोलीतून आले, पेला उचलला, मग मागे वळून आपल्या खोलीच्या दाराकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, फार वारा येतोय. लावू का?"

मी पाठमोरीच म्हटलं, "लावा की."

आणि त्यांनी लावलं.

तुमची,
(नातं ठरलं की लिहीन)